हशा कुणाच्या नावावर?

चिकित्सक : १९९२ साली ‘एक होता विदूषक’ आला. लेखन पु. ल. देशपांडे यांचं, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं, गाणी ना. धों. महानोरांची, संगीत आनंद मोडक यांचं आणि मध्यभागी लक्ष्मीकांत बेर्डे. तमाशातला एक सोंगाड्या सिनेमाचा तारा होतो, राजकारणी त्याला जवळ ओढतात आणि हसवण्यापलीकडे त्याला दुसरं काही करायची मुभाच उरत नाही, अशी ती गोष्ट. राष्ट्रीय पुरस्कारांत तो त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. थिएटरात मात्र चालला नाही. पुढच्याच वर्षी बेर्डेंचाच ‘झपाटलेला’ आला आणि त्यातला बाहुला, तात्या विंचू, घराघरांत शिरला. माझा मुद्दा इथून सुरू होतो. सिनेमा चालला याचा अर्थ तिकिटं खपली, एवढाच घ्यावा. पण आपण तिथे थांबत नाही. चालला म्हणजे चांगला, आणि त्यातला नट म्हणजे थोर नट, इथपर्यंत सरकत जातो. मग न चाललेल्या सिनेमात त्याच नटाने जे केलं, ते हिशेबातच येत नाही. बेर्डे २००४ साली गेले, जेमतेम पन्नाशीत. त्यांच्यावरचे श्रद्धांजलीचे लेख आठवा. ‘विनोदाचा बादशहा’ या दोन शब्दांपुढे फारसं कुणी गेलं नाही.

चाहती : ‘विनोदाचा बादशहा’ ही नुसती पदवी झाली, हे मला मान्य आहे. पण त्याचं खापर तुम्ही प्रेक्षकांवर फोडता, तिथे मी थांबवते. प्रेक्षक लेख लिहीत नाहीत, ते तिकीट काढतात. लिहिणं हे तुमचं काम होतं. संगीत नाटकातल्या एखाद्या तानेवर आपल्याकडे पानंच्या पानं लिहिली गेली. कुठला स्वर कसा लावला, कुठे श्वास घेतला, सगळं. सोंगाड्याच्या एका थांब्यावर कुणी एक परिच्छेद लिहिला का? लोकांना तो थांबा कळत होता, म्हणून तर ते नेमके तिथे हसत होते. त्या कळण्याला तुम्ही शब्द दिले नाहीत आणि आता म्हणता की लोकांना कळत नव्हतं.

‘अशी ही बनवाबनवी’ घ्या, १९८८ चा. घरमालक सरपोतदार डायबेटिसच्या औषधासाठी दिलेले सत्तर रुपये परत मागतात, तो प्रसंग. सुधीर जोशी किती सरळ मागतात ते बघा. त्यांची बाजू शंभर टक्के खरी आहे, आवाजात रीतसर मध्यमवर्गीय राग आहे. समोर अशोक सराफ. औषध आणणारा माणूस गेला, असं ते सांगतात, आणि ते सांगताना खरोखर दुखवट्याला आल्यासारखा आवाज उतरवतात. पैशांचं उत्तरही त्याच सुतकी आवाजात देतात. सूर बदलला असता, एखादी भुवई वर गेली असती, तर प्रसंग पडला असता. खोटं बोलणाऱ्या माणसाने आपलं दुःख खरं मानायचं आणि समोरच्या खऱ्या माणसाला खजील करायचं, हे काम सोपं नाही. हे नशिबाने जमत नाही. नाटकाच्या दौऱ्यांत वर्षानुवर्षं रोज रात्री वेगवेगळ्या गावांचे हशे मोजून जमतं.

चिकित्सक : टायमिंग मी नाकारत नाही.

चाहती : ‘टायमिंग’ हाच शब्द मला खुपतो. तो म्हटला की विषय संपतो. नेमकं काय जमलं ते सांगायचं राहून जातं. त्याच सिनेमातल्या दोन बायका बघा. सचिनची सुधा आणि बेर्डेंची पार्वती. दोघेही पुरुष साडी नेसलेत, पण दोन्ही सोंगं वेगळ्या घराण्यांतली आहेत. सचिनची सुधा लाजते, मान वळवते, पदर सावरते. प्रेक्षकाने क्षणभर तरी विसरावं की हा पुरुष आहे, अशी तिची धडपड आहे. ती वाट बालगंधर्वांच्या बाजूने येते. बेर्डेंची पार्वती असलं काही करत नाही. डोहाळजेवणाला सगळ्या बायकांच्या गराड्यात, फुलांनी मढून बसली आहे आणि खांदे पुरुषाचेच ठेवलेत. तमाशात गण झाला की गवळण येते. त्या गवळणीतली मावशी असते ना, डोक्यावर पदर आणि गळ्यात राठ पुरुषी आवाज, तिचा हा वारसा. मावशी आपण पुरुष आहोत हे लपवत नाही. ते तुम्हाला माहीत आहे, हे तिलाही माहीत आहे, आणि त्या संगनमतातून हसू येतं. या सिनेमाचे लेखक वसंत सबनीस. ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य लिहिणारे तेच. त्यांना गवळणीतली मावशी ठाऊक नसेल? एका चौकटीत दोन परंपरा शेजारी शेजारी उभ्या आहेत. कोट्यवधी लोकांनी त्या ओळखल्या, म्हणून पंचवीस-तीस वेळा बघूनही त्यांना हसू येतं. तुमच्या कसोटीत हे सगळं ‘हलकंफुलकं’ या एका खात्यात पडतं.

चिकित्सक : सुधा आणि पार्वतीचं हे मी आजवर असं पाहिलं नव्हतं. पुन्हा बघेन. पण तुम्ही नकळत माझ्याच पायवाटेवर आलात. तुम्ही सिनेमा चालला म्हणून चांगला म्हणाला नाहीत. त्यात काय आहे ते दाखवलंत आणि मग चांगला म्हणालात. हेच तर मी मागतो आहे. कथेचा सांगाडा हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’चा आहे, याचंही मला काही वाटत नाही. आपल्या नाटकवाल्यांनी मोलिएरला धोतर नेसवलंच होतं. माझी तक्रार पुढची आहे. ‘धुमधडाका’ १९८५ चा. तिथून पुढची आठ-दहा वर्षं मराठी पडद्यावर काय आलं ते आठवा. तीच पळापळ, तोच वेषांतराचा घोळ, तीच शेवटची हाणामारी. पटकथा म्हणजे नटाला अडकवायच्या खुंट्या झाल्या. आज सेटवर जे सुचेल ते बोलू, लोक हसतील, कारण लोक आता प्रसंगाला हसत नाहीत, माणसाला हसतात. तो पडद्यावर आला की हसतात. या टप्प्यावर नटाचं काय होतं? त्याला मेहनत करावी लागत नाही, आणि केली तरी कुणाला दिसत नाही. लोकप्रियतेची ही बाजू तुम्ही कधी बोलत नाही. ती नटाला मोठं करते आणि त्याच हाताने त्याचं काम अदृश्य करते.

आणि ही गोष्ट बेर्डेंपासून सुरू झालेली नाही. दादा कोंडके बघा.

चाहती : दादांवर तुम्ही येणार हे ठाऊक होतं. फक्त एक विनंती आहे, ‘अश्लील’ या शब्दापासून सुरुवात करू नका. त्या शब्दाने दादांच्या बाबतीत विचार करायचं काम पन्नास वर्षं टाळलं आहे.

चिकित्सक : नाही करत. १९७१ च्या ‘सोंगाड्या’पासून करतो, आणि तो मला मनापासून आवडतो, इथपासून करतो. त्याचेही लेखक सबनीसच. ढगळ अर्धी चड्डी, खाली लोंबणारी नाडी, आणि आईच्या धाकातला नाम्या. तमाशा बघायला जातो म्हणून आई घराबाहेर काढते. रत्नमालांची ती आई आणि दादांची तिला मारलेली हाक, त्यात एक अख्खं गाव आहे. नाम्या जे दुहेरी अर्थाचं बोलतो, त्याचा दुसरा अर्थ त्याला स्वतःला कळलेला नाही. तो आपल्याला कळतो. म्हणजे चावटपणा प्रेक्षकाचा आणि भोळेपणा नाम्याचा. हा फार बारीक तोल आहे आणि दादांनी तो सांभाळला. आता १९८६ च्या ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’वर या. नुसतं नाव बघा. इथे दुसरा अर्थ आधी ठरलाय आणि पहिला अर्थ पडद्यासारखा वर टाकलाय. भोळेपणा उरला नाही, भोळेपणाचा वेष उरला. नट तोच, चेहरा तोच, हातवारे तेच. पंधरा वर्षांत बदललं काय? तर चित्रपट नटाभोवती फिरायला लागला आणि नटाला कुणी ‘हे नको’ म्हणणारा राहिला नाही. सबनीसांच्या लेखणीने जो लगाम दिला होता, तो सुटला. आणि तिकीटबारीने या दोन्हींना एकच उत्तर दिलं, हाउसफुल्ल. तिला भोळेपणा आणि भोळेपणाचा वेष यांतला फरक कळत नसेल, तर तिला मी न्यायाधीश कसं मानू?

चाहती : तिकीटबारीला न्यायाधीश माना, असं मी म्हणतच नाही. तिला साक्षीदार तरी माना. ‘सोंगाड्या’च्या वेळी दादरच्या कोहिनूर थिएटरात एका हिंदी सिनेमासाठी त्याची गच्छंती होत होती. शिवसेनेने आंदोलन केलं तेव्हा तो लागला. त्याआधी त्याला जागाच नव्हती. लालबाग-परळच्या चाळीतला, घाटावरून आणि कोकणातून आलेला गिरणी कामगार आपल्या गावचा माणूस पडद्यावर बघायला रांगेत उभा होता आणि दारं बंद होती. दादा स्वतः त्याच गिरणगावात वाढले. पुढे त्यांचे नऊ सिनेमे प्रत्येकी पंचवीस-पंचवीस आठवडे चालले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. हा आकडा मी गुणवत्तेचा पुरावा म्हणून सांगत नाही. पण ज्या माणसाकडे आपण कधी बघितलं नाही, तो इतके आठवडे रांगेत उभा राहून काहीतरी सांगत होता, याचा हा पुरावा आहे. समीक्षकांनी त्याला विचारलं का, बाबा रे, काय सांगतोयस?

दुसरी गोष्ट. दुहेरी अर्थ लावणीत आला की आपण त्याला शृंगार म्हणतो. भारुडात आला की अध्यात्म म्हणतो. दादांच्या तोंडी आला की सेन्सॉर. हा भेद मजकुरामुळे पडला की बोलणाऱ्या तोंडामुळे? १९८६ च्या सिनेमाबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं, ते मी लपवणार नाही. पण १९७१ मध्ये ज्यांनी ‘सोंगाड्या’ला नाक मुरडलं, त्यांनी तो तुम्ही आत्ता सांगितलेला बारीक तोल बघून नाक मुरडलं नव्हतं. नाडी बघून मुरडलं होतं.

चिकित्सक : ते खरं आहे, आणि लाजिरवाणं आहे. आमच्यातल्या पुष्कळांनी अभिरुची आणि जात-वर्ग यांची गल्लत केली. पण त्या चुकीचं प्रायश्चित्त म्हणून आता उलट टोक गाठायचं का? ‘लोकांचं आहे’ म्हटलं की हात जोडायचे? मला तर वाटतं, ज्याला खरंच लोकांबद्दल आदर आहे, तो त्यांच्या आवडत्या गोष्टीची तेवढीच कसून तपासणी करेल. ‘त्यांच्यासाठी ठीक आहे’ हे वाक्य मला सगळ्यात तुच्छतेचं वाटतं. तुमच्याच सगळ्यात जवळच्या सिनेमावर ही तपासणी करू या. तुम्ही नेहमी सांगता तो, ‘माहेरची साडी’.

चाहती : करा. पण आधी मी बोलते, नाहीतर माझ्या आईची साक्ष राहून जाईल.

१९९१. मी दहा वर्षांची होते. आमच्या गल्लीतल्या बायकांनी मिळून टेम्पो ठरवला होता. तालुक्याच्या थिएटराला दुपारचा खेळ. घरातून परवानगी मिळायला आठवडा लागला होता, आणि ती मिळाली ती सिनेमा ‘देवाधर्मासारखाच आहे’ असं कुणीतरी सासऱ्यांच्या कानावर घातल्यामुळे. आईनं भाकरी फडक्यात बांधून घेतली होती. थिएटरात लाकडी बाकं होती, पंखे फिरत नव्हते. अलका कुबल पडद्यावर आल्या आणि काही वेळाने माझ्या शेजारी आई रडायला लागली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. आमच्या घरी तिला रडायला जागाच नव्हती. चार जावा, एक माजघर, सदा कुणीतरी समोर. तिथे अंधारात पाचशे बायका एकदम रडत होत्या आणि कुणी कुणाला ‘काय झालं’ विचारत नव्हतं.

तुम्ही म्हणता, अलका कुबल रडण्यापलीकडे काय करतात? मी पुढे तो सिनेमा पुष्कळदा बघितला, मोठी झाल्यावर, तुमच्यासारखी पुस्तकं वाचून झाल्यावरही बघितला. त्या ऐकून घेतात. सासू बोलत असते, उषा नाडकर्णींचा तो आवाज पट्ट्यासारखा चालतो, आणि या समोर उभ्या राहून ऐकतात. मान खाली, पण पूर्ण खाली नाही. उत्तर ओठांवर येतं आणि गिळलं जातं, ते दिसतं. हे गिळणं त्या थिएटरातल्या प्रत्येक बाईने आयुष्यभर केलेलं होतं. ते इतकं जवळून, इतकं मोठं करून तिला कुणी दाखवलं नव्हतं. अभिनय याला नाही तर कशाला म्हणायचं?

आणि परत येताना टेम्पोत जे झालं, ते सांगते. घाट सुरू झाला तशी थोरली काकू बोलायला लागली. भावाच्या लग्नाला तिला पाठवलं नव्हतं. सुगी होती म्हणून. वीस वर्षं झाली होती त्या गोष्टीला आणि तिने ती पहिल्यांदा उच्चारली. आई म्हणाली, “आक्का, त्या दिवशी तुम्ही चुलीपुढून उठला नाहीत. मी बघितलं होतं.” वीस वर्षं एका घरात राहून दोघी हे एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. मग दुसरी बोलली, मग तिसरी. गाव येईपर्यंत. तुम्ही मला सांगा, कुठल्या पुरस्कारप्राप्त सिनेमाने हे केलं?

चिकित्सक : ... यावर पटकन काही बोलणं बरोबर नाही. पण बोललो नाही, तर तुमच्या आईच्या साक्षीला मी नुसता मान दिल्यासारखं होईल आणि ती ऐकल्यासारखं होणार नाही. म्हणून विचारतो. पुढे तुमच्या काकूंना पाठवलं का? पुढच्या लग्नाला?

चाहती : काकूंना एकच भाऊ होता.

चिकित्सक : मग ऐका, माझी हरकत काय आहे ती. त्या टेम्पोत जे झालं ते मोलाचं आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण ते सिनेमाने केलं, की सिनेमाच्या निमित्ताने त्या बायकांनी केलं? पडद्यावर अलका कुबल यांची लक्ष्मी काय करते? सोसते. सोसते म्हणून ती थोर ठरते. बोलली असती तर ठरली नसती. आणि माहेरची साडी शेवटी तिच्या वाट्याला येते ती अंगावर मिरवायला नाही. तिच्या मरणानंतरच सगळ्यांना तिची किंमत कळते. म्हणजे सिनेमा सांगतो, गिळत राहा, एक दिवस तुझ्या चितेपाशी सगळे रडतील. आणि टेम्पोतल्या बायकांनी बरोबर उलटं केलं. त्यांनी गिळलेलं बाहेर काढलं. सिनेमाच्या शिकवणीविरुद्ध जाऊन काढलं! मग श्रेय कुणाचं? तुम्ही त्या बायकांची कमाई निर्मात्याच्या खात्यात जमा करताय, असं मला वाटतं. हा त्यांच्यावर अन्याय आहे.

चाहती : ‘शिकवण’ हा शब्द तुमचा आहे. तुम्ही सिनेमाकडे धडा म्हणून बघता. गोष्टीतून काय निष्पन्न झालं, शेवटी कोण जिंकलं, त्यावरून तुम्ही त्याची बाजू ठरवता. आई शेवट बघून रडली नाही, ती मधल्या प्रसंगांना रडली. जात्यावरच्या ओव्या बघा ना. त्यांत सासुरवास आहे, सोसणं आहे, भावाची वाट बघणं आहे. बंड जवळजवळ नाही. म्हणून ओवी बायकांना गप्प बसवत होती असं म्हणाल? दळताना म्हटलेल्या त्या दोन ओळी म्हणजे बाईची बोलायची एकमेव जागा होती. ‘माहेरची साडी’ ही त्या ओवीची सिनेमाच्या पडद्यावरची बहीण आहे. आणि तुमचा श्रेयाचा प्रश्न. सिनेमा नसता तर टेम्पो ठरला नसता, एवढं तरी मानाल?

चिकित्सक : मानतो. पण ओवी बाईने स्वतः रचली होती आणि तिचे पैसे कुणी घेत नव्हतं. इथे दुःख बायकांचं, तिकीट त्यांनीच काढलं, आणि शेवट कुणीतरी दुसऱ्याने ठरवला. हा फरक लहान नाही. २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ला नऊवारी नेसून, गटागटाने गेलेल्या बायका मी पाहिल्या. टेम्पोच्या जागी बस आल्या होत्या. त्या हसत बाहेर पडत होत्या, सेल्फी काढत होत्या. बत्तीस वर्षांनी बायकांची तीच गर्दी आणि सहा बहिणींची ती गोष्ट चितेवर संपत नाही. म्हणजे दुसरा शेवट शक्य होता. तो १९९१ मध्ये शक्य होता की नाही, हे मला ठरवता येत नाही, आणि तिथेच माझी कसोटी अडते. त्या काळच्या प्रेक्षकाला सोसेल तेवढंच सिनेमाने द्यावं, की एक पाऊल पुढचं द्यावं? आणि पुढचं दिलं आणि कुणी आलंच नाही, तर ते दिलं कुणाला?

चाहती : म्हणून ‘सैराट’.

चिकित्सक : हो, ‘सैराट’ दोघांनाही आवडतो, तेव्हा तो आपल्याला वाचवेल असं वाटतं. नागराज मंजुळेंनी लोकप्रिय सिनेमाची सगळी हत्यारं हातात घेतली, स्लो मोशन, अजय-अतुल यांचा तो भव्य वाद्यमेळ, विहिरीतली उडी, बुलेटवरची नायिका. प्रेक्षकाला नाचवत नाचवत शेवटच्या त्या नि:शब्द मिनिटांपर्यंत नेलं आणि तिथे सोडलं. प्रेक्षकाचं प्रेम घेतलं आणि त्याची परतफेड केली. रिंकू राजगुरूबद्दल तर कुजबुज होती, अकलूजची मुलगी तशाच गावाकडच्या मुलीचं काम करतेय, त्यात अभिनय काय. हैदराबादच्या त्या खोलीत तिचा चेहरा बघा. तिच्या आर्चीची रग तीच आहे, पण आता ती कुठे ठेवावी ते तिला कळत नाही. पाटलाच्या घरात जी मिजास शोभत होती, ती पत्र्याच्या खोलीत अडचण होते. शाळकरी वयाच्या मुलीने हे केलं. राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला तो उगाच नाही. माझ्या कसोटीला उतरणारा लोकप्रिय सिनेमा विचाराल, तर हा.

चाहती : मलाही तो तुमच्याइतकाच प्रिय आहे, म्हणून हे बोलायला जड जातंय. ‘झिंगाट’ कुठे वाजतं? वरातीत. कुठल्या वरातीत? जात, पोटजात, पत्रिका, सगळं बघून ठरलेल्या लग्नाच्या. ‘सैराट’ आल्यापासून मी ते बघते आहे. ज्या गोष्टीचा शेवट त्या रक्ताच्या पावलांनी होतो, तिचं गाणं त्याच व्यवस्थेच्या मांडवात डीजेवर वाजतं आणि मीही त्यावर नाचले आहे. तुमच्या हिशेबाने ‘माहेरची साडी’ने चुकीचं शिकवलं आणि बायकांनी टेम्पोत बरोबर केलं. ‘सैराट’ने बरोबर शिकवलं आणि लोकांनी गाणं तेवढं उचललं, शेवट थिएटरातच ठेवला. आता श्रेय आणि दोष कसे वाटायचे? सिनेमात काय आहे यावरून, की लोकांनी त्याचं काय केलं यावरून?

चिकित्सक : पहिल्याचंच मला बोलता येतं. दुसरं माझ्या हातात नाही.

चाहती : माझं उलट आहे. दुसरं मी डोळ्यांनी बघितलं आहे. पहिल्याबद्दल बोलायला मला नेहमी कुणाचे तरी शब्द उसने घ्यावे लागतात.

निळू फुल्यांची गोष्ट मला या सगळ्यात पुन्हा पुन्हा आठवते. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेला, पुण्यात माळीकाम केलेला, उभी हयात चळवळींना देणारा माणूस. आणि खेड्यापाड्यांतल्या बाया त्यांना बघून शिव्या घालायच्या, हे सगळ्यांनी ऐकलं आहे. ‘सामना’तला हिंदुराव धोंडे पाटील त्यांनी असा उभा केला की लोकांना खऱ्या माणसाचा राग आला. समीक्षेच्या कुठल्या शब्दाने याच्यापेक्षा मोठी दाद दिली असती?

चिकित्सक : आणि त्याच माणसाने ‘सिंहासन’मध्ये दिगू टिपणीस केला. सत्तेच्या दारात घुटमळणारा, सगळं बघणारा आणि काहीच न बदलू शकणारा पत्रकार. शेवटचं ते सुटलेलं हसू आठवा. पण नकला करणाऱ्यांना विचारा, निळू फुले म्हणजे काय? ते खर्जातला आवाज काढतील, वाड्यावरचा पाटील उभा करतील. दिगू टिपणीसची नक्कल कुणी करत नाही. बायांच्या शिव्या ही दाद होती, मान्य. पण तीच त्यांच्या भोवतीची भिंतही झाली. अशोक सराफांना महाराष्ट्र भूषण मिळाला, २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, मला आनंद झाला. तेव्हाही सगळीकडे पुन्हा तेच दोन-तीन विनोदी प्रसंग फिरत होते.

मी तुम्हाला एक सांगायचं ठेवलं होतं. ‘एक होता विदूषक’ मी थिएटरात बघितला. दुसऱ्या आठवड्यात, खुर्च्यांच्या ओळी बऱ्याचशा रिकाम्या. एक प्रसंग असा येतो, बेर्डेंच्या चेहऱ्यावर कॅमेरा आहे आणि त्या चेहऱ्यावर हसवायचं काहीही नाही. थकलेला माणूस आहे. माझ्या मागे कुणीतरी हसलं. मोठ्याने. मग आणखी दोघं-तिघं. काही घडलं नव्हतं, तरी हसले, कारण समोर बेर्डे, म्हणजे त्यांचा लक्ष्या होता आणि आता काहीतरी होणार म्हणून त्यांनी आधीच हसायला सुरुवात केली होती. मी वळून बघितलं. तीस वर्षांहून जास्त झाली, त्या हशाचा राग माझ्यातून गेला नाही. चालतं ते सगळं मला संशयास्पद वाटतं ना, त्याची सुरुवात तिथे आहे.

चाहती : ते कुचेष्टेने हसत होते का?

चिकित्सक : नाही.

चाहती : मग कसे?

चिकित्सक : घरचं माणूस दारात दिसल्यावर हसतात तसे. तेच तर मला अजून कुठे ठेवावं कळत नाही. पडद्यावर तो माणूस सांगत होता की मला थोडा वेळ हसू नका, आणि ते त्याच्यावर इतकं प्रेम करत होते की त्यांना ते ऐकूच गेलं नाही.

चाहती : तुम्हाला ऐकू गेलं.

चिकित्सक : मला गेलं. पण त्या थिएटरात त्याच्यावर माझ्यापेक्षा जास्त प्रेम करणारी माणसं माझ्या मागच्या रांगेत बसली होती.